घर बांधणाऱ्याची खोली

मयूर कॉलनीतून डहाणूकर कॉलनीकडे चालत निघालं, की हिरव्या जाळीत गुंडाळलेल्या चार-दोन इमारती वाटेत लागतातच. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या तीनमजली सोसायट्या पाडून त्या जागी बारा-पंधरा मजले चढताहेत. बंगले तर हातावर मोजण्याइतके उरलेत. पुण्याच्या कोथरूडात दोन ओळखीची माणसं भेटली, की तब्येतीच्या चौकशीनंतरचा प्रश्न ठरलेला असतो : ‘तुमचं रीडेव्हलपमेंटचं कुठवर आलं?’ मग पिशवीतून बिल्डरची माहितीपुस्तिका निघते. गुळगुळीत कागद, पांढरे गोल खांब, खोल व्हरांडा, वेताची आरामखुर्ची आणि खाली ‘कलोनियल थाट’ असं काहीतरी. मोठ्या फ्लॅटच्या नकाशात स्वयंपाकघरामागे एक चिमुकला चौकोन दाखवलेला असतो. त्यावर ‘सर्व्हंट रूम’ असं लिहिलेलं. तिथल्या संडासाचं दार घरात उघडत नाही. मागच्या बाल्कनीत उघडतं.

थाट कलोनियल आहे याबद्दल शंका नको. खांब आणि खुर्चीपेक्षा तो चौकोनच जास्त अस्सल आहे. पुण्यात आलेल्या सुरुवातीच्या इंग्रजांची घरं नीट पाहिली, तर त्यांची सगळी रचना मागच्या दाराच्या भरवशावर उभी दिसते.

पेशव्यांच्या दरबारातला ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला रेसिडेंट चार्ल्स मॅलेट 1786 साली पुण्यात आला. त्याचं बिऱ्हाड पेठांमध्ये नव्हतं. शहराबाहेर, मुळा-मुठेच्या संगमावर रेसिडेन्सी उभी राहिली. बंगले झाले, बागा झाल्या. पुढे 1811 मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन रेसिडेंट म्हणून तिथे राहायला आला. 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीची लढाई झाली आणि त्याच दिवशी मराठी फौजेने रेसिडेन्सी पेटवून दिली. एल्फिन्स्टन वाचला, त्याचा ग्रंथसंग्रह जळाला. पुण्यातलं इंग्रजांचं पहिलं घर असं संपलं. पुढच्याच वर्षी पेशवाई बुडाली आणि मग कॅम्पात, खडकीत लष्कराच्या छावण्या पसरल्या.

या छावण्यांमधली सुरुवातीची घरं पुस्तिकेतल्या चित्रासारखी मुळीच नव्हती. उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा, मातीचा गारा, वर गवताचं छप्पर. जोतं उंच घ्यायचं, चारी बाजूंनी पडवी काढायची, मधल्या खोल्यांचं आढं उंच ठेवायचं, म्हणजे गरम हवा वर जाते. ही अक्कल इंग्लंडातून आलेली नव्हती. बंगालमधल्या गावठी झोपडीवरून ती उचलली होती, आणि देशभर जिथे जिथे साहेब गेला तिथे त्याने ती बरोबर नेली. छपरातून काडीकचरा, विंचू, क्वचित सापही खाली पडे. त्यावर उपाय म्हणून खोलीवर कापड ताणून बांधत आणि त्याला चुना फासत. पाहुण्याला वाटे, पक्कं सिलिंग आहे. रात्री त्याच कापडावरून उंदरांची धावपळ सुरू झाली, की खरं काय ते कळे. वाळवी आणि मुंग्यांपासून वाचवायला कपाटांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले असत. दुधाच्या जाळीच्या कपाटाखाली अशा वाट्या आपल्या घरांतही फ्रिज येईपर्यंत होत्या. हे कोणी कोणापासून घेतलं, ते आता सांगता येणार नाही.

गवत जाऊन कौलं आली ती हळूहळू. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर लाल मंगलोरी कौलं पश्चिम किनाऱ्यावरून वर घाटावर पोचली. आपण ज्याला ‘जुना इंग्रजी बंगला’ म्हणतो, तो बहुतेक वेळा या कौलांनंतरचा असतो. त्याच सुमारास, 1864 पासून, गणेशखिंडीत गव्हर्नरासाठी मोठा वाडा उठू लागला. आज ती विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. पण गव्हर्नराचा थाट वेगळा आणि साध्या कॅप्टनाचं घर वेगळं.

त्या कॅप्टनाच्या घराची एक गंमत होती. घर त्याने पदरच्या पैशाने बांधलेलं किंवा आधीच्या अधिकाऱ्याकडून विकत घेतलेलं. जमीन मात्र सरकारची. बदलीचा हुकूम आला, की घर पुढच्याला विकायचं, खुर्च्या-टेबलांचा लिलाव करायचा आणि चालू लागायचं. शिवाय 1833 च्या सनदी कायद्यापर्यंत साध्या युरोपियनाला या देशात परवान्याशिवाय मोकळेपणी राहताही येत नव्हतं. म्हणजे ज्यांना आपण वसाहतवाले म्हणतो, ते पुण्यात वसायला आलेच नव्हते. नोकरी संपली की परतायचं, ही खूणगाठ घराच्या पायाभरणीतच होती. याउलट 1620 मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजातून अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरलेली 102 माणसं परतीचा विचार सोडून आली होती. पहिल्याच हिवाळ्यात त्यांतली निम्मी दगावली. उरलेल्यांनी स्वतःच्या हाताने लाकडं तोडली, कुडाच्या भिंतींना चिखल लिंपला, गवत शाकारलं. (सिनेमात दिसणारी ओंडक्यांची घरं या इंग्रजांची नव्हेत, ती रीत डेलावेअरच्या काठी वसलेल्या स्वीडिश आणि फिनिश लोकांनी आणली.) इकडे गोव्यात आल्बुकर्कने 1510 नंतर आपल्या शिपायांची लग्नं इथल्या बायकांशी लावून दिली. त्यांना राहायचंच होतं. म्हणून गोव्यातल्या जुन्या घरांत पोर्तुगीज सोपा आणि शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या गुण्यागोविंदाने नांदताना दिसतात. पुण्यातला साहेब या दोन्हींहून निराळा. त्याने घर बांधलं नाही, बांधवून घेतलं. आणि तो घरात राहिला तोही दुसऱ्यांच्या हातांवर.

बांधणारे हात इथलेच होते. दगड फोडणारे वडार, वीट भाजणारे कुंभार, चुन्याच्या घाणीभोवती फिरणारे बैल, सुतार, गवंडी. साहेबाचा नकाशा आणि गवंड्याचा ओळंबा यांच्या भांडणातून आणि समजुतीतून ती घरं झाली. ज्या घराचा इतिहास लिहिला जातो त्यात कॅप्टनाचं नाव असतं, रेजिमेंटचं असतं. गवंडी कुठे झोपत होता, ते मात्र कुठे नोंदलेलं सापडत नाही.

आणि राहणं कसं होतं? एप्रिल-मे महिन्यांत दारा-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावायचे आणि भिस्त्याने पखालीतून आणलेलं पाणी त्यांच्यावर दिवसभर मारत राहायचं. आत गारवा आणि वाळ्याचा वास. छताला कापडाची झालर लावलेली लांब फळी टांगलेली, तिची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर पडवीत गेलेली आणि दोरीच्या टोकाला पंखा ओढणारा माणूस. दुपारी डुलकी लागली तरी दोरी हलत राहावी म्हणून तो ती पायाच्या अंगठ्याला बांधून घेई. वारा आत, माणूस बाहेर. साहेबाला तो दिसत नसे. त्याचा हात थांबला, की तो असल्याचं कळे. एखाद्या घराचं सगळं शहाणपण त्या भिंतीतल्या भोकात साठलेलं आहे असं मला वाटतं.

स्वयंपाकघर घरापासून लांब, वेगळ्या खोपटात. धूर, वास आणि आगीची भीती नको म्हणून, हे खरंच. पण जेवण झाकून आवारातून वाहून आणणारा माणूस त्यात गृहीत होता. न्हाणीघराला दोन दारं असत : एक आत शयनगृहात, एक थेट बाहेर आवारात. बाहेरच्या दाराने भिस्ती पाणी भरून जाई आणि मैला उचलणारा आपलं काम करून जाई. घराच्या आत त्यांचं पाऊल पडत नसे. आवाराच्या टोकाला एका ओळीत बसक्या खोल्या, त्यांत नोकरांची कुटुंबं. बटलर, हमाल, आया, माळी, घोडेवाला, धोबी अशी एका घरामागे दहा-बारा माणसं सहज असत. फ्लोरा अ‍ॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोघींनी 1888 मध्ये मडमांसाठी घर चालवण्याचं जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात पाककृती आहेत तशाच नोकरांना कसं वागवावं, कसं शिस्तीत ठेवावं याच्या सूचनाही आहेत. एका घराला राज्यासारखं चालवायचं, हा त्यांचा पक्का समज होता.

इथे साहेबाच्या नावाने बोटं मोडायला मन पटकन तयार होतं. पण जरा थांबावं. पेठांतल्या वाड्यांनाही मागच्या बोळी होत्या, आणि त्या कोणासाठी होत्या हे सगळ्यांना ठाऊक होतं. ओटीवर कोणी बसायचं, कोणी अंगणातूनच बोलायचं, पाणी कोणी वरून ओतून घ्यायचं, याचे नियम आपल्याकडे साहेबाच्या कितीतरी आधीपासून होते आणि त्याच्या नियमांपेक्षा कडक होते. साहेबाला इथे फार काही नव्याने शिकवावं लागलं नाही. मागच्या दाराने येणारी माणसं त्याला तयारच मिळाली.

कोथरूडच्या शेजारी एक वेगळं घरही उभं राहिलं होतं. 1896 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी काढली. आश्रम आधी शहरातच होता. पुढे प्लेग आला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची आपली सहा एकर जमीन आणि झोपडी बांधायला साडेसातशे रुपये दिले, आणि 1900 मध्ये आश्रम त्या झोपडीत गेला. चार मैलांवर शहर, मधे शेतं, पावसाळ्यात चिखलाची वाट. कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून झालं, की चालत हिंगण्याला जात. शहरातून न्यायचं सामान खांद्यावर. भोवती वस्ती नाही, दिवे नाहीत आणि समाजाचा राग मात्र पुरेसा. आता त्या गावाला आपण कर्वेनगर म्हणतो आणि ती झोपडी संस्थेने जपून ठेवली आहे. कर्व्यांना 1958 मध्ये भारतरत्न मिळालं तेव्हा ते शंभर वर्षांचे होते. पण माझं कुतूहल वेगळं. त्या झोपडीत राहणाऱ्या आणि राबणाऱ्या बायका एकच होत्या. दळण, स्वयंपाक, झाडलोट, आजारपण, सगळं त्याच करत; पडवीत बसून दोरी ओढणारं वेगळं माणूस नव्हतं. ती झोपडीही सर्वांना सारखी उघडी नव्हती. सुरुवातीला तिथे प्रामुख्याने ब्राह्मण विधवाच होत्या, आणि त्यावरची टीका रास्त आहे. तरीसुद्धा घर म्हणून ती मला छावणीतल्या सगळ्या बंगल्यांपेक्षा मोठी वाटते. तिथल्या बायकांना मागचं दार माहीत होतं, कारण आयुष्यभर त्यांना स्वतःच्या घरात तिथेच बसवलं गेलं होतं.

मग आपण आलो. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्यानंतर कितीतरी कुटुंबांना नदीपासून दूर, उंचावरची जमीन बरी वाटू लागली. पुढच्याच वर्षी किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना कोथरूडात आला. भाताच्या खाचरांत आणि ज्वारीच्या शेतांत प्लॉट पडले, सहकारी सोसायट्या निघाल्या. त्या काळी कोथरूडला येणं म्हणजे गाव सोडून जाण्यासारखं होतं. ‘इतक्या लांब?’ हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न असे. बस क्वचित, टेकडीवरून कोल्हेकुई, नळाला पाणी आलं तर आलं. लोक आधी दोन खोल्या बांधत, भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन तिसरी काढत, मुलीच्या लग्नाआधी गिलावा करत. सदाशिव पेठेतला भाडेकरू अशा रीतीने घरमालक झाला, आणि त्याला आयुष्यभर त्याचा रास्त अभिमान वाटला. दारापुढे तुळस, मागे कढीपत्ता आणि एखादं पेरूचं झाड. ज्याला जास्त जमलं, त्याने मागच्या बाजूला पत्र्याची एक खोली काढली. त्यात वॉचमनचं कुटुंब राहिलं.

ही घरं कोणी बांधली? वेताळ टेकडीवर दगडाची जुनी खाण अजून दिसते. 1972 च्या दुष्काळात शेती करपली आणि मराठवाड्यातून, सोलापूर-नगरकडून माणसं पुण्याला आली. कोणी खडी फोडली, कोणी पाट्या वाहिल्या. कोथरूडचे स्लॅब पडत असताना त्यांतल्या अनेकांनी टेकडीच्या उतारावर आपली घरं मांडली. केळेवाडी, किष्किंधानगर, जयभवानीनगर, सुतारदरा. ही नावं आपल्याला मुख्यतः कामाच्या मावशींच्या पत्त्यांवरून ठाऊक असतात. मातीचा गारा, पत्रा, प्लॅस्टिक, मग वीट, मग एक वरचा मजला. घर खोली-खोलीने वाढत गेलं ते आपलंही आणि त्यांचंही. वाढवण्याची रीतही एकच होती. आपल्याला सातबाऱ्यावर नाव मिळालं, त्यांना नोटिसा मिळाल्या.

आता दुसरी फेरी सुरू आहे. नव्या इमारतींवर येणारे कामगार बिहार, झारखंड, बंगाल, छत्तीसगडचे. कोथरूडचे प्लॉट लहान. त्यामुळे कामगारांच्या खोल्यांना जागा उरत नाही. मग अर्धवट पार्किंगमध्ये पत्रे लावून, वा हद्दीच्या भिंतीला टेकून खोपटं उभी राहतात. कपडे सळ्यांवर वाळत असतात, मूल वाळूच्या ढिगात खेळत असतं. आपण भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहून, संध्याकाळी फिरायला निघाल्यावर आपला कितवा मजला झाला ते मान वर करून बघतो. मान खाली करून बघितलं, तर त्या इमारतीतलं पहिलं कुटुंब दिसतं. इमारतीत सर्वांत आधी राहायला आलेली माणसं तीच.

29 जून 2019 च्या पहाटे कोंढव्यात पावसाने एका निवासी संकुलाची सीमाभिंत कोसळली, ती शेजारच्या बांधकामावरच्या कामगारांच्या पत्र्याच्या खोल्यांवर. 15 जण गेले. त्यांत लहान मुलंही होती. तीनच दिवसांत आंबेगावात तसंच घडलं आणि आणखी सहा जण गेले. दोन्ही ठिकाणी भिंतीच्या एका बाजूला पक्की इमारत होती आणि दुसऱ्या बाजूला घरं बांधणारी माणसं झोपली होती. चौकशा झाल्या, बातम्या आल्या, पाऊस थांबला. पंखा ओढणाऱ्याचा हात थांबला की साहेबाला तो आहे हे कळायचं. आपलं त्याहून फार वेगळं नाही.

आणि हे सगळं कायद्याला ठाऊक नाही असंही नाही. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीच्या, 2025 पर्यंत लागू असलेल्या 1996 च्या कायद्यातलं 34 वं कलम स्वच्छ सांगत होतं, की काम चालू असेपर्यंत मालकाने कामाच्या जागी किंवा शक्य तितक्या जवळ कामगारांना विनाशुल्क तात्पुरतं घर द्यायचं. त्याला स्वयंपाकाची वेगळी जागा, न्हाणी, धुण्याची सोय आणि संडास हवा होता. पन्नासहून जास्त बायका कामावर असतील, तर मुलांसाठी पाळणाघरही हवं होतं. शिवाय बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी वसूल होतो. तो आपल्या नव्या घराच्या हिशेबातही कुठेतरी असतोच.

रीडेव्हलपमेंटचा करार मी वाचला आहे. त्यात नळाच्या कंपनीचं नाव आहे, फरशीचं माप आहे, दाराच्या लाकडाची जाडी मिलिमीटरमध्ये आहे, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची क्षमता आहे. सभासदांनी त्यावर तीन-तीन तास भांडून एकेक ओळ बदलून घेतली आहे. ज्या सोसायट्या इतक्या चिकाटीने भांडू शकतात, त्यांना आणखी एक ओळ जड नाही. सभासदांची पुढची सर्वसाधारण सभा असेल तेव्हा हात वर करा आणि करारात एवढं लिहून घ्या : कामगार राहणार कुठे, ती जागा सीमाभिंतीपासून किती लांब असेल, संडास किती असतील, पाणी कुठून येईल, आणि हे झाल्याशिवाय पाडकाम सुरू होणार नाही. बिल्डर म्हणेल, याची गरज नसते. तरी लिहून घ्या.